नागपूरहून जर्मनीला शिकायला निघालात? खाण्यापिण्याचं आणि रोजच्या रितीभातीचं आधी वाचून घ्या

जर्मनीतला विंटर सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे पोळा-मारबत आटोपली की पोट्ट्यांच्या बॅगा भरायला लागतात आणि त्याच सुमारास ओळखीतल्या कुणाच्या ना कुणाच्या आईचा मला फोन येतोच, "तू राहून आली ना तिकडे, याला जरा सांग बाई काय न्यायचं ते." मग तो पोट्टा किंवा पोट्टी संध्याकाळी घरी येते, चहा होतो, आणि मी दरवेळी तेच सांगत बसते, म्हणून यावेळी म्हटलं लिहूनच काढू.

व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट, अ‍ॅडमिशन यातलं मी काही सांगणार नाही, ते सीनियर्स आणि एजंट लोक सांगतातच. माझा विषय रोजचं जगणं. आणि त्यात माझं एकच ठाम मत आहे, की घरून नेलेलं सामान फार फार तर दिवाळीपर्यंत पुरतं, त्यानंतर तुम्हाला तिथल्याच दुकानातल्या सामानातून आपलं जेवण उभं करावं लागतं, तर ते पहिल्याच आठवड्यापासून शिका ना. जे पोट्टे बॅगेवर भरवसा ठेवून जातात ते नोव्हेंबरात फ्रोझन पिझ्झा खाऊन राहिले असतात आणि घरी सांगतात सगळं मस्त आहे.

पहिली पायरी : बॅग

आधी काय न्यायचं नाही ते बघू, कारण भांडण तिथंच होतं. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. यात आजीनं कढवलेलं साजूक तूप येतं, पनीर येतं, खवा येतो. संत्रा बर्फीचा डबा सगळेच नेतात आणि बऱ्याचदा तो निघूनही जातो, पण खव्याची मिठाई यात अडकू शकते आणि एकदा कस्टमवाल्यानं बाजूला काढली की तिथं "भाऊ, घरची आहे" चालत नाही. विमानात बसायच्या आधीच खाऊन घ्या, वाटून टाका.

ताजी फळं, भाज्या आणि पानं न्यायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं. सूट आहे ती फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना, म्हणजे आपली संत्री गेली आणि कढीपत्ताही गेला. कढीपत्ता तिकडच्या इंडियन शॉपमध्ये मिळतो, मिळाला की जास्त घ्यायचा आणि फ्रीझरमध्ये टाकायचा.

सावजी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्यात तेल खूप असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून, आणि नागपूर एअरपोर्टवर बॅग उघडून खोबरं काढताना मागे लाइन खोळंबते ते बघवत नाही. दुसरी खसखस. जर्मनीत खसखशीला काही प्रॉब्लेम नाही, उलट तिथल्या केकमध्ये ती भरभरून घालतात आणि सुपरमार्केटमध्ये बेकिंगच्या सामानात 'मोन' नावानं मिळते, रंग निळसर काळा असतो, रस्सा थोडा गडद होतो, बाकी काम होतं. पण युएईत खसखस ड्रगमध्ये मोडते आणि आपल्यातले बरेच जण शारजा किंवा दुबईवरून जातात. ट्रान्झिटमध्ये असलात तरी बॅगेत खसखशीचा एक दाणा नको. आख्खी खसखस पाकिटात असो की डब्यात, घरीच ठेवा, आणि आईनं मसाल्यात आधीच वाटून घातली असेल तर यावेळी तिला बिना-खसखशीचा मसाला करून द्यायला सांगा.

आता न्यायचं ते. तिखट न्या, कारण तिकडचं तिखट म्हणजे लाल रंगाची पावडर, भिवापुरी मिरचीची सवय असलेल्याला ते काहीच वाटत नाही. हळद घरची असेल तर तीही. हिंग, काळा मसाला, सावजी मसाला, सगळं सीलबंद आणि एकावर एक दोन-तीन पिशव्यांत, नाहीतर जॅकेटला वर्षभर हिंगाचा वास येतो. सांडगे, मुगवड्या, पापड हलके असतात आणि टिकतात, भाजी नसली की सांडग्याचा रस्सा आणि भात म्हणजे एक जेवण झालं. लोणचं चेक-इनमध्येच, हँडबॅगेत १०० मिलीचा नियम आहे आणि तेल सुटलेलं लोणचं सिक्युरिटीवाल्याला लिक्विडच दिसतं.

तांदूळ आणि डाळ नेऊ नका. काहून नेता? दोन्ही तिथं मिळतं. त्या वजनात लाटणं, पोळ्यांचा तवा, मसाल्याचा डबा आणि सपाट बुडाचा छोटा कुकर बसतो. गोल बुडाची कढई आणि आपला नेहमीचा गंज, म्हणजे पातेलं, तिथल्या काचेच्या शेगडीवर नीट टेकत नाही, बुड सपाट पाहिजे, आणि हॉस्टेलला इंडक्शन आहे का ते आधी विचारून घ्या, असेल तर त्याला चालणारंच भांडं घ्या. मिक्सर नेला तरी चालतो, व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आणि ५० हर्ट्झ, फक्त तीन पिनचा जाडा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही त्यामुळे अ‍ॅडाप्टर लागतो. आणि हो, एक प्लॅस्टिकचा मग. हे कोणी सांगत नाही पण पहिल्या सकाळी सगळ्यांना आठवतं.

दुसरी पायरी : उतरल्यावरचे पहिले दिवस

तिकीट काढताना वार बघा. शनिवारी रात्री किंवा रविवारी पोचलात तर दुकानं बंद. सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, सगळंच. रविवारची विश्रांती तिथल्या राज्यघटनेतच लिहिलेली आहे, त्यामुळे "एखादं तरी उघडं असेल ना, आपल्या बर्डीसारखं" असं काही नसतं. उघडी असतात ती मोठ्या रेल्वे स्टेशनमधली दुकानं, पेट्रोल पंपावरचं छोटं दुकान आणि सकाळी काही तास बेकरी. तर बॅगेत एका दिवसाचं खाणं वरच ठेवा, थेपले, दशम्या, चिवडा, रेडी उपमा, जे काही जमेल ते.

घर मिळालं की पहिलं काम, पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं नाव लावणं. हसू नका, हे खरंच महत्त्वाचं आहे. तिथं सगळं पोस्टानं येतं, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, इन्शुरन्सचे कागद, टॅक्स नंबर, आणि पेटीवर नाव नसलं की पोस्टमन पत्र परत पाठवून मोकळा होतो. घर नंबर बरोबर असून उपयोग नाही. पार्सल आलं आणि तुम्ही घरी नसलात तर ते शेजाऱ्याकडे ठेवून जातात आणि चिठ्ठी टाकतात, शेजाऱ्याशी ओळख व्हायचा तोच पहिला चान्स असतो.

दुसरं काम आनमेल्डुंग, म्हणजे या शहरात मी राहायला आलो अशी नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची, घरमालकाची सहीची चिठ्ठी लागते आणि अपॉइंटमेंट लागते, तिला टर्मिन म्हणतात आणि हा शब्द तुम्हाला तिथं पाणी शब्दाइतका लागेल. मोठ्या शहरात टर्मिन लवकर मिळत नाही त्यामुळे इथून निघायच्या आधीच ऑनलाइन बघायला लागा. नोंदणी झाली की थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी द्यावी लागते. ही फी माणशी नसते, घरटी असते, चौघं एका फ्लॅटमध्ये असाल तर एकानं भरायची आणि बाकीच्यांनी त्याच्या फीचा नंबर फीवाल्यांना कळवायचा. पत्र फ्रॉड समजून फेकून देऊ नका, ते परत परत येत राहतं आणि रक्कम वाढत जाते.

बाथरूमबद्दल. आपल्यासारखी जमिनीला मोरी बहुतेक घरांत नसते. बादली घेऊन बाहेर बसून अंघोळ केली की पाणी दाराखालून पॅसेजमध्ये किंवा खालच्यांच्या छतात. जे काय करायचं ते शॉवरच्या किंवा टबच्या आत. खालच्या माळ्यावरच्या छताचा खर्च डिपॉझिटमधून जातो.

नळाचं पाणी पिण्यालायक असतं, कॅन विकत घ्यायची काही गरज नाही. केटलमध्ये पांढरा थर जमतो तो चुन्याचा, व्हिनेगर घालून उकळलं की निघतो.

तिसरी पायरी : किचन

इथं सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिथं घरांत स्मोक डिटेक्टर लावणं कायद्यानं बंधनकारक आहे, बेडरूममध्ये आणि पॅसेजमध्ये तर असतोच, आणि स्टुडिओ रूम असेल तर तुमचं किचन, बेडरूम आणि डिटेक्टर सगळं एकाच खोलीत. मिरचीची फोडणी दिली की तो ओरडतो. हॉस्टेलमध्ये काही ठिकाणी अलार्म थेट फायर ब्रिगेडला जोडलेला असतो आणि गाडी आली की बिल येऊ शकतं. त्यावर पिशवी बांधायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका, पकडले गेले की हॉस्टेलवाले नोटीस देतात आणि खरंच आग लागली तर काय. त्यापेक्षा खिडकी पूर्ण उघडा, खोलीचं दार बंद करा, वरचा एक्झॉस्ट लावा, तेल धुरावर जाऊ देऊ नका, आधी जिरं-मोहरी घाला आणि तिखट गॅस, म्हणजे शेगडी, बंद केल्यावर घाला. ती काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, त्याच उष्णतेत तिखट छान फुलतं आणि ठसका लागत नाही.

फोडणीच्या आधी अजून एक, हिवाळ्याचा कोट खोलीच्या बाहेर किंवा कपाटात बंद. लोकरीत कांदा-लसणाचा वास जातो तो निघत नाही आणि ट्राममध्ये बाजूचा माणूस तोंडानं काही बोलणार नाही, पण सीट बदलेल. याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, आणि आपलं जेवण सोडून द्यायचंही कारण नाही, कोट लटकवायची जागा बदलायची एवढंच.

खोली हवेशीर ठेवणं हा तिथला जवळजवळ धर्म आहे. घरं हवाबंद बांधलेली असतात, आपण वरण शिजवतो, भात शिजवतो, कपडे आतच वाळवतो, त्या वाफेनं भिंतीला काळी बुरशी लागते आणि घर सोडताना पैसे कापतात. रोज निदान दोनदा, अगदी बर्फ पडत असेल तरी, खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं ठेवायची, हीटर त्यावेळी बंद करायचा. दिवसभर खिडकी जराशी किलकिली ठेवून काही फायदा होत नाही, खोली थंड होते आणि हीटिंगचं बिल मात्र वाढतं.

वांग्याचं भरीत. हा प्रश्न मला सगळे विचारतात. जाळ नाही त्यामुळे आपला भाजलेला वास पूर्ण येत नाही हे मान्य करा, पण ओव्हनला वरची ग्रिल २२० डिग्रीला लावून, वांग्याला तेलाचा हात फिरवून, चार टोचे मारून, साल काळी पडेपर्यंत ठेवलं तर ऐंशी टक्के काम होतं. टोचे मारायला विसरलात तर ओव्हनमध्ये वांगं फुटतं. हिरवी पात, तिखट, कच्चं तेल बाकी सगळं तसंच. पापडही तव्यावरच फडक्यानं दाबून भाजायचा, आणि फुलके शेवटी तव्यावरच दाबून फुगवायचे.

शेअर्ड फ्लॅट असेल तर फ्रीजमध्ये प्रत्येकाचा कप्पा ठरलेला असतो आणि दुसऱ्याचं अंडंसुद्धा विचारल्याशिवाय घेत नाहीत. आपल्याकडे "अरे घे ना, विचारतो काय" असतं, तिथं विचारणं हीच सभ्यता. भांडी जेवण झाल्या झाल्या घासायची. सिंकमध्ये रात्रभर कुकर भिजत घातला यावरून झालेली भांडणं मी बघितली आहेत.

चौथी पायरी : दुकान

दुकानं चार प्रकारची धरा. आल्डी, लिडल, नेट्टो ही स्वस्त, रेवे आणि एडेका थोडी महाग पण व्हरायटी जास्त, मग तुर्की दुकान, मग इंडियन किंवा आशियाई दुकान. नवीन पोरं थेट इंडियन दुकानात जातात आणि तिथंच पैसे संपवतात. माझा क्रम उलटा आहे. भाजीपाल्यासाठी तुर्की दुकान, तिथं सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, मोठ्या जुड्या मिळतात, पुदिना, हिरव्या मिरच्या, वांगी, भेंडी, छोले, वेगवेगळ्या डाळी, सगळं. सुपरमार्केटमध्ये सांबार कुंडीत लावलेला चार काड्यांचा मिळतो, त्यात सांबारवडी तर सोडाच, पोह्यावर घालायलाही पुरत नाही. इंडियन दुकानात फक्त जे दुसरीकडे मिळतच नाही ते घ्यायला जायचं, म्हणजे पोहे, तुरीची डाळ, काळे चणे, ज्वारीचं पीठ, कढीपत्ता.

बाकी सगळं सुपरमार्केटमध्ये आहे, फक्त ओळखता आलं पाहिजे. लाल मसूर 'रोटे लिन्झन' नावानं प्रत्येक दुकानात. तूप 'बुटरश्माल्त्स' नावानं, फ्रीजजवळ किंवा तेलाजवळ, चवीला घरच्यासारखं नाही पण वरणभातावर चालतं, आणि नसेल पटत तर बिनमिठाचं लोणी आणून घरी कढवा, अर्ध्या तासाचं काम आहे. रवा म्हणजे 'ग्रीस', त्यातला मऊ गव्हाचा 'वाइखवाइत्सन' लिहिलेला घ्या, शिरा-उपमा चांगला होतो. पिठावर नंबर असतात, ४०५ नंबरचं म्हणजे आपला मैदा, १०५० थोडं कोंड्यासकट, आणि 'फोलकोर्न' म्हणजे पूर्ण गव्हाचं पण जाडसर. आटा संपला आणि दुकान लांब असलं तर ४०५ आणि फोलकोर्न अर्धं अर्धं मिसळा, कोमट पाण्यानं भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, पोळी होते, आईसारखी नाही होत. जिऱ्याच्या बाबतीत पाकीट नीट बघा, 'क्रॉइत्सक्युमेल' पाहिजे, नुसतं 'क्युमेल' घेतलं तर ते वेगळंच निघतं आणि अख्ख्या वरणाला कोबीच्या सूपसारखा वास येतो.

दही विरजायचं असेल तर साधं, बिनसाखरेचं 'नाटूरयोगुर्ट' विरजण म्हणून चालतं, दूध ३.५ टक्क्यांचं घ्या, आणि थंडीत ते लागत नाही म्हणून ओव्हन चालू न करता फक्त आतला दिवा लावून रात्रभर आत ठेवा. कढी-गोळ्यासाठी आंबट ताक पाहिजे तर तयार 'बुटरमिल्श' मिळतं, झकास कढी होते. बेसन सुपरमार्केटच्या बायो सेक्शनमध्येही मिळतं पण महाग, तुर्की किंवा इंडियन दुकानातलंच घ्या. पिठलं, पाटोडी, झुणका, हे तीन येत असले की विदर्भाचा माणूस जगात कुठंही उपाशी मरत नाही.

काउंटरवर एक सवय करून ठेवा. कॅशियर सामान इतक्या जोरात सरकवतो की आपण पिशवी उघडेपर्यंत डोंगर झालेला असतो. पिशवी घरून न्यायची, आधीच उघडून ठेवायची, जड सामान पट्ट्यावर पुढे ठेवायचं, आणि नीट लावायचं ते बाजूच्या टेबलावर जाऊन. ट्रॉलीला एक युरोचं नाणं लागतं, खिशात ठेवा.

बाहेर खाणं, मेन्सा

युनिव्हर्सिटीच्या कँटीनला मेन्सा म्हणतात, विद्यार्थ्यांना कमी दरात पूर्ण जेवण मिळतं आणि शाकाहारी, व्हीगन असं लिहिलेलं असतं. पहिल्या महिन्यात दुपारचं जेवण तिथंच करा, स्वस्त पडतं आणि ओळखी होतात. चव? मीठ आणि मिरपूड. खिशात तिखटाची छोटी डबी ठेवणारे खूप आहेत, कोणी काही म्हणत नाही.

शाकाहारी लोकांनी नीट ऐका. बटाट्याचं सॅलड, मसुराचं सूप, हिरव्या शेंगा, असल्या साध्या दिसणाऱ्या पदार्थांत 'श्पेक' म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात. नुसतं "मांस आहे का" विचारलं तर कधी कधी "नाही" उत्तर येतं कारण त्यांच्या हिशेबात श्पेक म्हणजे मसालाच. म्हणून "ओने फ्लाइश, ओने श्पेक" असं दोन्ही म्हणायचं. जेलीच्या गोळ्या आणि काही गोड दह्यांत जिलेटिन असतं, चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट असू शकतं. पाकिटावर पिवळा व्ही-लेबल दिसला की चिंता नाही. बीफ-पोर्क न खाणाऱ्या पण चिकन खाणाऱ्यांनी सॉसेजचं नावसुद्धा वाचल्याशिवाय घेऊ नये, बहुतेकांत मिश्रण असतं.

रेस्टॉरंटमध्ये बसलं की ग्लासभर पाणी आपोआप येत नाही. मागितलं की बाटली येते, तीही सोडा भरलेली, आणि तिचे पैसे लागतात. साधं पाहिजे तर "श्टिलेस वासर". बिल मागितलं की विचारतात एकत्र की वेगवेगळं, आणि मित्र असले तरी वेगवेगळं देणं नॉर्मल आहे, "मी देतो, मी देतो" अशी ओढाताण करू नका, त्यांना कळतच नाही काय चाललंय. टिप पाच-दहा टक्के, टेबलावर ठेवून निघायचं नाही, पैसे देतानाच पूर्ण आकडा सांगायचा. छोट्या दुकानांत अजूनही कॅशच लागते, आपल्याकडे पानठेल्यावर क्यूआर कोड आहे आणि तिथं बेकरीत कार्ड चालत नाही, हे बघून पहिल्यांदा हसू येतं.

शांतता, कचरा, बाटल्या

रात्री १० ते सकाळी ६ शांतता, आणि रविवारी दिवसभर. मिक्सर, व्हॅक्युम, ड्रिल, जोरात गाणी, काही नाही. म्हणजे इडलीचं पीठ शनिवारी संध्याकाळी दळून ठेवायचं. बरं, शेजारी आधी सांगतो, दुसऱ्यांदा चिठ्ठी लावतो, तिसऱ्यांदा थेट पोलीस, आणि यात त्याचा तुमच्यावर काही राग नसतो. घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना आपण सगळेच ओरडतो, हेडफोन लावा. भारताशी वेळेचा फरक हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, तिथं रात्रीचे ९ वाजले की नागपुरात झोपेची वेळ टळून गेलेली असते.

कचरा वेगळा करायचा. पिवळ्या डब्यात किंवा पिवळ्या पिशवीत प्लॅस्टिक आणि पॅकिंग, निळ्यात कागद, तपकिरीत भाजीपाल्याचा ओला, काळ्या-करड्यात उरलेलं. शहरागणिक रंग थोडे बदलतात, बिल्डिंगमध्ये चार्ट असतो त्याचा फोटो काढून ठेवा. काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या मोठ्या कंटेनरमध्ये, पांढरी, तपकिरी, हिरवी वेगळी, आणि त्या रविवारी टाकायच्या नाहीत कारण आवाज होतो. बिल्डिंगमध्ये चुकीचा कचरा सापडला की सगळ्यांची नजर नव्या आलेल्या परदेशी पोरांकडेच जाते, हे अन्याय्य आहे पण असंच आहे, त्यामुळे आपण पक्कं शिकून घेतलेलं बरं.

बाटल्यांवर डिपॉझिट असतं, त्याला फांड म्हणतात. एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट, परत भरायच्या बाटल्यांवर ८ किंवा १५. सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकल्या की पावती येते आणि ती बिलातून वजा होते. बाटली चेपू नका, मशीन वाचत नाही.

माणसं

वेळ म्हणजे वेळ. सातला बोलावलं तर सात, पाच मिनिटं उशीर होत असेल तर मेसेज टाका. न कळवता कुणाच्या घरी जायचं नाही, "इकडून चाललो होतो म्हटलं डोकावू" हे तिथं नाही. डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना सगळ्यांना मिळून "गुटन टाग" म्हणायचं, लिफ्टमध्येही. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात, आणि ज्याचा वाढदिवस तोच केक आणतो, त्यामुळे तुमच्या वाढदिवसाला ऑफिस-लॅबमध्ये तुम्हीच काहीतरी न्या. ग्लास भिडवताना डोळ्यांत बघायचं, ग्लासात सफरचंदाचा ज्यूस असला तरी चालतो, दारू न पिणाऱ्याला कोणी जबरदस्ती करत नाही.

पायी असलात तरी लाल सिग्नलला थांबा, ५ युरो दंड आहे, आणि दंडापेक्षा बाजूला लहान पोरगं उभं असेल तर त्याची आई जे ऐकवते ते जास्त लागतं. लाल रंगाच्या पट्टीवर चालू नका, ती सायकलची.

लोक तोंडावर "नाही" म्हणतात. नागपूरच्या माणसाला खरं तर हे आवडायला पाहिजे, आपणही कुठं गोड बोलतो. प्रोफेसरनं "हे बरोबर नाही" म्हटलं तर तेवढंच समजायचं, घरी येऊन रात्रभर विचार करत बसायचं नाही.

डिसेंबरात दुपारी चार-साडेचारला अंधार पडतो. ४५ डिग्रीत वाढलेल्या माणसाला थंडी जमते, जॅकेट घालता येतं, पण अंधार जमत नाही, म्हणून दुपारी अर्धा तास तरी बाहेर फिरा आणि संध्याकाळी एकटे बसू नका. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती-दिवाळीला जा. २४ डिसेंबरला दुपारनंतर दुकानं बंद होतात आणि २५, २६ ला बंदच, किराणा आधी भरा.

आजारी पडलात तर साधी पॅरासिटामोलसुद्धा फक्त 'अपोटेके'मध्ये मिळते, सुपरमार्केटमध्ये नाही, आणि अँटिबायोटिक प्रिस्क्रिप्शनशिवाय कुठंच नाही. रात्री-रविवारी डॉक्टर पाहिजे तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०.

त्यांना घरी जेवायला बोलवाल तेव्हा

बोलवाच, यानं जेवढी ओळख होते तेवढी वर्षभर क्लासमध्ये बसून होत नाही. दोन आठवडे आधी तारीख विचारा, कोण काय खात नाही आणि कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे तेही विचारा, दाणे आणि काजू आपल्या प्रत्येक वाटणात असतात. ते येताना फूल किंवा वाइन आणतील, नाही म्हणू नका. सातला या म्हटलं असेल तर सातला जेवण तयार पाहिजे, आपल्यासारखं साडेनऊला ताट वाढलं तर ते बिचारे पाणी पिऊन बसतात. सगळ्यांचं वाढून होईपर्यंत कोणी सुरू करत नाही, म्हणून यजमानीणबाईंनी "मी नंतर बसते" करू नये, सोबतच बसा. आग्रह करू नका, एकदा "नको" म्हटलं की त्यांना खरंच नको असतं, आणि तुम्हाला कोणी तिथं विचारलं तर तुम्हीही पहिल्याच वेळी हो म्हणा, दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

सावजी करायचं असेल तर रस्सा नेहमीच्या निम्म्या तिखटाचा करा, तर्री वेगळ्या वाटीत काढून टेबलाच्या मधे ठेवा, ज्याला पाहिजे तो घेईल, आणि दह्याची वाटी प्रत्येकाच्या ताटाजवळ आधीच.